मयुराचा टायफॉइड

सोनिका ज्या पॅथॉलॉजीत काम करायची तिथे मोबाइल आत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून तो फोन काउंटरवरच्या लँडलाइनवर आला. तिची मुलगी मयुरा सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत तिसरीत होती. पलीकडून सिस्टर लिसी बोलत होत्या. जी मुलं शाळेत येईनाशी होतात, अभ्यासात मागे पडतात किंवा एकाएकी गप्प होतात, त्यांच्याकडे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. मूळच्या केरळच्या, नागपुरात राहून त्यांचं मराठी निम्मं हिंदीत मुरलेलं.

"मयुराच्या मम्मी, आजोबा फोन उचलत नाहीत, म्हणून फॉर्मवरच्या लॅबचं नाव बघून हा नंबर शोधला. टायफॉइड आता कसा आहे? आज शाम को मी घरी येऊन तिला बघितलं तर चालेल ना?"

"कोणाचा टायफॉइड, सिस्टर?"

"मयुराचा. आजोबांनी मेसेज केला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही ना."

सोनिकाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सकाळी तिनेच मयुराच्या दोन वेण्या घातल्या होत्या. मेथीचे पराठे केले होते. सासऱ्यांच्या गाडीवर पोरगी पुढे उभी राहिली आणि हात हलवत गेली, तेव्हा सोनिका गेटाशीच होती. टायफॉइडच्या तपासणीचे नमुने रोज तिच्या हाताखालून जात. घरात टायफॉइड असता तर तिला कळला नसता?

"मी तुम्हाला थोड्या वेळाने फोन करते," एवढंच ती म्हणाली.

मग तिने लॉकरमधून मोबाइल काढून गणपतरावांना फोन लावला. सासरे निवृत्त झाल्यापासून मयुराची ने-आण तेच करत. शाळेलाही त्यांचाच नंबर दिलेला होता, कारण सोनिकाचा फोन दिवसभर बंद आणि तिचा नवरा सौरव उमरेडच्या कोळसा खाणीत, घरी फक्त रविवारी.

"बाबा, मयुराला सोडलं शाळेत?"

"सोडलं ना. आता भाजी घेऊन राहिलो. काहून?"

त्यांच्या आवाजामागे पितळेवर पितळ आदळल्याचा खणखणाट होता. भाजीबाजारात असा आवाज होत नाही. आणि त्या खणखणाटातून एक हसणं आलं, जे सोनिकाला हजार पोरींमधून ओळखू आलं असतं.

"काही नाही," ती म्हणाली. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तिने ऑटो पकडला.

इतवारी बाजारात आनंदरावांचं भांड्यांचं दुकान होतं. ते गणपतरावांचे शाळेपासूनचे मित्र. गल्लीत ऑटो जाईना, हातगाड्या अडकल्या होत्या. सोनिका पायीच निघाली. दुकानाच्या आत, पातेल्यांच्या चळतीमागे, पोत्यावर मयुरा मांडी घालून बसली होती. युनिफॉर्म, टाय, पायातले बूट, सगळं नीट. तिच्यासमोर डबा उघडा होता आणि गणपतराव पराठ्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरून होते.

आनंदरावांनी आधी पाहिलं. "या, सूनबाई," म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते न सुचून फडक्याने कोरडाच गडवा पुसू लागले.

गणपतरावांचा हात तसाच राहिला. मयुराने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. त्या नजरेत भीती होतीच, पण शिवाय एक विचारणं होतं: आता काय सांगायचं? दोघांचं आधी ठरलेलं असायचं, हे सोनिकाला त्या नजरेवरून समजलं.

"कामिनी मिसच्या वर्गात माकड आलं होतं ना गं?" तिने विचारलं.

मयुराने मान खाली घातली.

सोनिका ओरडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली. रोज रात्रीच्या जेवणाला आजोबा-नात मिळून शाळेतल्या गोष्टी सांगत. माकडाने मिसची पर्स पळवली. गौरांग नावाचा मुलगा प्रार्थनेत उभ्याउभ्या झोपला. नाताळच्या गव्हाणीसाठी आणलेलं गवत बकरीने खाल्लं. सोनिका हसून हसून पाणी प्यायची. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना सांगायची. रक्त तपासता तपासता तिची मैत्रीण प्रेमलता विचारायची, आज तुझ्या पोरीच्या शाळेत काय झालं? आणि ते सगळं या पोत्यावर बसून रचलेलं होतं. न गेलेल्या शाळेपेक्षा तिला तेच जास्त लागलं. तिला फसवायला त्यांनी इतकी मेहनत घेतली होती.

"चला," ती म्हणाली. "शाळेत जायचं आहे."

सिस्टर लिसींच्या खोलीत एक गालिचा होता, खालच्या फळीवर चित्रांची पुस्तकं, खिडकीत मुलांनी कापलेल्या कागदी चांदण्या. सिस्टरांनी मयुराला कात्री आणि चकचकीत कागद दिला. रागावल्या नाहीत. आधी गणपतरावांना पाणी दिलं, मग विचारलं, "आबाजी, पहिल्या दिवशी काय झालं होतं?"

"गेटापाशी आली आन् माह्या पायाले मिठीच मारली तिनं," गणपतराव म्हणाले. "सोडेचना. सारे लोक पाहून राहिले होते. मले वाटलं, आजचा दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशीबी तेच. मंग सांगायची हिंमत नाही झाली."

"मयुरा, आत यायला डर वाटत होता?"

कात्री चालत राहिली. "मला नाही. आबाजींना एकटं ठेवायचं नव्हतं."

"का, बेटा?"

"मी शाळेत असले की माणसं मरतात."

मयुराने चांदणीचं एक टोक कापलं, मग आईकडे न बघता म्हणाली, "आजी मेली त्या दिवशी मम्मी म्हणाली, आजी दवाखान्यात आहे, तू शाळेत जा, संध्याकाळी भेटेल. मी घरी आले तर आजीची खाटच नव्हती."

श्रावणातली ती सकाळ. सोनिकाच्या सासूबाई सिंधूताई पहाटेच गेल्या होत्या. पोरीने ते बघू नये असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. पण वेण्या घालताना ते वाक्य सोनिकानेच म्हटलं होतं. त्यानंतर पोरगी एकदाही रडली नाही, तेव्हा सोनिकाने लोकांना सांगितलं होतं, लहान आहे, तिला काही कळलं नाही.

"मी खोटं बोलले होते," सोनिका म्हणाली.

सिस्टरांनी उगाच समजूत घातली नाही. त्यांनी पुढचं सांगितलं. मयुराने सोमवारपासून सध्या अर्धा दिवस यायचं. सकाळी थेट वर्गात न जाता आधी या खोलीत बसायचं. मधल्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवरून आबाजींशी बोलायचं, रोज, न चुकता. बुडालेला अभ्यास कामिनी मिस थोडा थोडा करून घेतील, त्याची घाई नाही. "और आबाजी, फोन तुम्ही उचलायचाच. आंघोळीला गेलात तरी बरोबर न्यायचा."

"नेतो ना," गणपतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. सोनिकाने तिकडे पाहिलं नाही. शाळेतून निघण्याआधी तिने ऑफिसात स्वतःचा आणि लॅबचा, दोन्ही नंबर दिले, आणि निरोपांच्या यादीतून सासऱ्यांचा काढायला लावला.

घरी आल्यावर गणपतराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मले माफ कर वं, बाई."

"पोरीचं मला समजलं, बाबा. तुमचं नाही समजत. एकदा सांगायचं होतं मला."

"सांगनारच होतो. पन त्या माकडाच्या गोष्टीले तू हासली. तुही सासू गेल्यापासून या घरात कोनी हासलं नव्हतं. मंग दुसऱ्या दिवशी अजून एक सांगितली."

"म्हणजे माझं हसू तुम्ही दोघं तिथे बसून बनवत होतात."

गणपतराव बाहेर जाऊन बसले. सोनिकाने कणीक भिजवली, ती सैल झाली, पुन्हा पीठ घातलं.

रविवारी सौरव आला. तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण कुठेच दचकला नाही. सोनिका मध्येच थांबली.

"तुला माहीत होतं."

"बाबांनी मागच्या रविवारी सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, नाताळच्या सुट्टीपर्यंत होईल नीट. तुला आधीच लॅबचं इतकं टेन्शन. तू उगाच..."

"उगाच काय?"

सोनिकाला त्या पातेल्यांच्या चळतीमागे तिघं बसलेले दिसू लागले, पोरगी, सासरे आणि नवरा. आणि बाहेर पायरीवर ती एकटी. मागच्या रविवारी बकरीची गोष्ट झाली होती. सौरवही हसला होता. तिच्याकडे बघत हसला होता.

ती भांडली नाही. त्याचे खाणीतले काळे कपडे रविवारी तीच भिजवायची, ते त्या दिवशी बादलीशेजारी तसेच पडून राहिले. संध्याकाळी त्याने स्वतः धुतले आणि न सांगता उमरेडची बस धरली.

सोमवारी सोनिकाने मयुराला स्वतः शाळेत नेलं. सिस्टर लिसी दारात उभ्या होत्या. मयुराने आईचा हात सोडला, दोन पावलं गेली आणि परत आली.

"बारा वाजता तू येशील घ्यायला?"

सोनिकाची सुट्टी पाचला व्हायची. हो म्हणायला काही लागलं नसतं. पोरगी हसत आत गेली असती. दुसरं कोणी पाठवता येईल का, याचा तिने आदल्या रात्री खूप विचार केला होता. शेजारच्या यमुताईंचे गुडघे दुखत. रिक्षावाला अर्ध्या दिवसासाठी यायला तयार नव्हता. शेवटी एकच माणूस उरत होता.

"नाही," ती म्हणाली. "मला जमणार नाही. आबाजी येतील."

"खरं?"

"मी त्यांना सांगितलं आहे. येतो म्हणाले."

मयुराने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, मोठी माणसं नोट उजेडात धरून बघतात तसं. मग ती सिस्टरांकडे गेली. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

सोनिका लॅबमध्ये पोचली. प्रेमलताने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, "आज काही नाही." साडेअकरापासून तिचं लक्ष काउंटरवरच्या फोनकडे होतं. बारा वाजून गेले तरी तो आला नाही, म्हणजे गणपतराव पोचले असतील. किंवा नसतील. तिने घरी फोन करून विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी हो म्हटलं असतं, तरी आता तेवढ्याने तिचं भागलं नसतं. तिने हातमोजे चढवले आणि पुढचा नमुना उचलला.