घड्याळजीची शताब्दी

बाईंच्या वाढदिवशी विज्ञानात कधी काही घडलंच नव्हतं. कुणी जन्मलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं, कुणाला साधा धूमकेतूसुद्धा दिसला नव्हता. बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वर्तमानपत्रात ‘आजच्या दिवशी’ हे सदर चालवायचा. त्या तारखेपाशी दरवर्षी त्याच्या नाकी नऊ यायचे.

“ताई, तुझ्या दिवशी मीच काहीतरी घडवून आणतो,” एकदा चहा पिता पिता तो म्हणाला. “ही तुला वाढदिवसाची भेट!”

जेवणाच्या टेबलावर बाईंच्या पुठ्ठ्याच्या लाद्या पसरल्या होत्या. कुठल्या वेड्यावाकड्या पंचकोनी लाद्यांनी फरशी फट न ठेवता भरते, याचा एक नियम त्यांना दिसला होता. सिद्ध मात्र होत नव्हता. भावाने तोच उचलला. फार वर्षांपूर्वी एका घड्याळजीने याच दिवशी हा नियम सिद्ध केला, पण त्याचे कागद आगीत गेले, असं त्याने बिनदिक्कत छापून टाकलं. दोघं पोट धरधरून हसली.

पुढे त्या घड्याळजीला पाय फुटले. या पेपरातून त्या पेपरात, तिथून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, तिथून थेट विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत. कुणीतरी त्याला दाढीसुद्धा चिकटवली. भाऊ कौतुकाने कात्रणं आणायचा, बाई म्हणायच्या, “आता पुरे रे.”

आणि बाईंचं काय? शाळा, पेपर तपासणं, आईचं आजारपण, सगळं उरकून त्या लाद्यांपाशी बसायच्या. अख्खं तारुण्य त्यात गेलं. निवृत्तीच्या वर्षी नियम एकदाचा सिद्ध झाला. आयुष्याकडून त्यांना दुसरं काही नको होतं. गणितात कुठेतरी, बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव लागावं, एवढंच.

विद्यापीठातल्या विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. “मांडणी सुरेख आहे, बाई. पण नियम घड्याळजींचा. यंदा त्या सिद्धतेची शताब्दी! तुम्ही फार तर त्यांची हरवलेली सिद्धता पुन्हा मांडलीत.”

“अहो, तो माणूस झालाच नाही! माझ्या भावाने रचलाय तो.”

साहेबांनी कीव आल्यासारखं बघितलं. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः गेला, हात जोडले, कान पकडले. “सख्ख्या बहिणीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो,” साहेब म्हणाले. संपादकाने खुलासा छापायला साफ नकार दिला. पेपरची अब्रू जाते म्हणे! खोटं छापताना बरी गेली नाही.

“ताई, तुझं आयुष्य मी खाल्लं गं,” भाऊ घरी येऊन ढसाढसा रडला. बाईंच्या अंगात त्याला समजावण्याइतकंही त्राण नव्हतं.

शताब्दीच्या सभेत सिद्धता समजावून सांगायला विद्यापीठाने बाईंनाच बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला ती येतच नव्हती. चारचौघांत खरं सांगता येईल, या एकाच आशेवर त्या गेल्या. सभागृह खचाखच भरलं होतं.

“हा घड्याळजी कधी नव्हताच,” त्या म्हणाल्या. “हे मी केलंय.”

हशा पिकला. टाळ्याही पडल्या.

“अहो, खरंच सांगते.”

लोक आणखी हसले. बाई काय मिश्कील आहेत, असं म्हणाले. मग बाईंनी खडू उचलला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं फळ्यावर मांडलं. ते बघून तरी कुणाला कळेल, असं त्यांना अजून वाटत होतं.

“काय अफाट माणूस होऊन गेला!” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मागे एका विद्यार्थिनीने हात वर केला. “बाई, तुम्ही स्वतः कधी काही शोधलंत का हो?”

दाराशी भाऊ मान खाली घालून उभा होता. बाईंनी हातावरची खडूची पूड झटकली.

“नाही गं,” त्या म्हणाल्या.