अकरा नंबरचा फ्रीझर

फेलोशिप मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा तिला वाटलं होतं, वर्षभर रोपं लावायची, मुलांसमोर चार शब्द बोलायचे, फार तर आवारातल्या सायकली मोजायच्या. 'शाश्वत विकास फेलो' असं भारदस्त पद होतं, विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळणार होतं आणि दहा वर्षं शाळेत शिकवून चौतिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला आलेल्या बाईला तेवढं पुष्कळ होतं. पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या हरित कक्षाच्या साहेबांनी तिला जीवशास्त्राच्या इमारतीत पाठवलं. तळघरात.

"सतरा फ्रीझर आहेत तिथे, उणे ऐंशी अंशांचे," ते म्हणाले होते. "एकेक म्हणजे अख्ख्या घराची वीज खातो. निम्मे तर कुणी उघडतसुद्धा नाही. वर्षअखेर दहा बंद झाले पाहिजेत."

"आणि आतलं सामान?"

"ज्याचं त्याने न्यावं, नाही तर टाकून द्यावं. तुम्ही फक्त विचारत राहा."

विचारत राहणं एवढंच काम आहे हे तिला महिन्याभरात कळलं. ती प्राध्यापकांना पत्रं लिही, मग आठवणीची पत्रं, मग आठवणीची आठवण. एक म्हणे दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणे तो विभाग आता माझ्याकडे नाही. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. एकाने 'सुट्टीनंतर बघू' असं कळवलं. सुट्टी आली, संपली, पुढची आली. एका फ्रीझरमध्ये नमुन्यांच्या डब्यांमागे कुणाचा तरी वाढदिवसाचा अर्धा केक निघाला, दगडासारखा. मालक शेवटपर्यंत सापडला नाही.

तळघराला खिडकी नव्हती. सतरा यंत्रांची घरघर आणि त्यांनी मागच्या बाजूने फेकलेली गरम हवा. संध्याकाळी घरी गेली तरी कानात ते चालूच असायचं. थोरली बहीण शिवणकाम करायची. दोघी एकत्र राहायच्या. मशीनवरून मान वर न काढता ताई विचारायची, "आज किती विझवलेस?"

"एकही नाही."

"बघा. बाईसाहेब विद्यापीठात जाऊन फ्रीज बंद करतात आणि आपला दोन वर्षांपासून आपोआप बंद आहे. त्याचं कुणी कौतुक केलं नाही."

ती हसायची आणि बुटांसकट आडवी व्हायची.

तळघराची देखभाल एक परिचर बघत. सगळे त्यांना काका म्हणत. तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं. त्यांनी तिला पहिल्या दिवसापासून 'फेलोबाई' केलं होतं. तिच्या कामात त्यांनी कधी खोडा घातला नाही. उलट जाड हातमोजे दिले, कुठला दरवाजा कसा उचलून उघडायचा ते दाखवलं, कुणाचं सामान कुठल्या कप्प्यात ते तोंडपाठ सांगितलं. फक्त एका फ्रीझरपाशी ते थांबले.

"अकरा नंबरला हात लावायचा नाही. ते बाईंचं आहे."

बाई म्हणजे तलावांच्या तळाचा गाळ आणि त्यातले जंतू यांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापिका. चौदा वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. जाताना काकांना म्हणाल्या होत्या, "याच्याकडे लक्ष असू द्या." काकांनी लक्ष असू दिलं. दर सोमवारी दाराच्या रबरावरचं बर्फ खरवडलं. एकदा दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा कोरडं बर्फ मागवून पाट्यांनी आत भरलं. ते दोन दिवस नेमके त्यांच्या मुलीच्या लग्नाचे होते. अक्षता पडेपर्यंत ते मांडवात होते. जेवणाच्या पंगतीला नव्हते.

"जावई अजून ऐकवतो," ते म्हणाले. "सासरे फ्रीझरचे, आमचे नाहीत."

नऊ फ्रीझर बंद व्हायला सात महिने लागले. दहावा हवा होता आणि अकरा नंबरखेरीज एकही बिनमालकाचा उरला नव्हता. तिने बाईंचा ई-मेल शोधून काढला आणि लिहिलं. इतरांची उत्तरं महिनोन्‌महिने येत नसत. बाईंचं दुसऱ्या दिवशी आलं. त्या आता निवृत्त होत्या. त्या नमुन्यांचं काम कधीच संपलं, निबंध छापून झाले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी विभागाला कळवलं होतं की सगळं टाकून द्या. ते अजून आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. तसदीबद्दल क्षमस्व.

ते उत्तर छापून तिने कागद पिशवीत ठेवला आणि आठवडाभर तसाच फिरवला. काका समोर आले की ती केबल बघू लागे. साहेबांना अजून काही कळवलं नव्हतं. एकदा वाटलं, राहू दे चालू. चार-पाच महिन्यांत ते निवृत्त होतील, मग पुढचं पुढे. नऊवरच थांबू. पण हे वाटणंही थकवणारं होतं.

शेवटी ताईच म्हणाली, "सांगून मोकळी हो. उशीर केलास तर पत्र त्या बाईंचं आणि चोर तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दाराजवळच्या खुर्चीत डबा संपवून बसले होते. तिने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं.

"नऊ वर्षांपूर्वी कुणाला कळवलं म्हणे?"

"विभागाला."

"विभाग म्हणजे कोण?"

"ते नाही लिहिलं."

"मी विभागात नाही होय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "रोज याच दारातून आत येतो. कुणालाही सांगता आलं असतं."

"मला वाईट वाटतं, काका."

"तुम्ही काय केलंत? तुम्ही निदान विचारलंत." त्यांनी कागदाची घडी करून परत दिली. "करा बंद."

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले. ऑफिसमधल्या कारकुनाला विश्वास बसेना. तीस वर्षांत त्यांनी इतकी रजा कधी मागितली नव्हती. फेलोबाईने एकटीने अकरा नंबर रिकामा केला. चार हजारांवर नळ्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात तलावाचा क्रमांक आणि तारीख. त्या वरच्या प्रयोगशाळेत निर्जंतुक करायला पाठवल्या. मग बटण बंद केलं, दार सताड उघडलं आणि घरी गेली. सकाळी येऊन बघते तो चौदा वर्षांचं बर्फ वितळून पाणी जिन्यापर्यंत आलेलं. ती फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली. पुसत होती आणि पाणी येतच होतं. दुपारी बारा वाजता ती ओल्या जमिनीवरच भिंतीला टेकून बसली, आणि उठावंसं वाटेना.

पाचव्या दिवशी काका आले. फरशीवरची पांढरी पुटं बघून म्हणाले, "पाणी असं काढतात होय?"

"मग कसं काढतात?"

"दार बोटभरच उघडायचं. खाली जुन्या चादरी. आणि थांबायचं." त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. "विचारायचंत फोन करून."

"तुम्ही रजेवर होतात."

"रजेवर होतो, मेलो नव्हतो."

दोघांनी मिळून राहिलेलं आवरलं. आवरताना त्यांनी कपाटातून जाड वह्यांचा गठ्ठा काढला. रद्दीत घालायच्या आहेत, म्हणाले. ती सहज चाळायला लागली. सतराही फ्रीझरांचं चौदा वर्षांचं तापमान, दिवसातून दोनदा, एकाच हाताच्या निळ्या अक्षरात. चार नंबरच्या रकान्यात मात्र उणे ऐंशी नव्हतं. सहा वर्षं सलग उणे सत्तर.

"हे काय, काका?"

ते जरा चपापले. "त्याचं यंत्र कण्हायला लागलं होतं. मीच काटा सत्तरावर आणला. कुणाला बोललो नाही. आता चौकशी लावू नका म्हणजे झालं."

चार नंबर एका तरुण संशोधिकेचा होता आणि रोजच्या वापरात होता. फेलोबाई वर जाऊन तिला भेटली. नमुने उत्तम आहेत, एकही वाया गेला नाही, ती म्हणाली. तिला सेटिंग बदलल्याचा पत्ताही नव्हता. दहा अंश कमी थंड ठेवलं की जवळजवळ तिसरा हिस्सा वीज वाचत होती, आणि सहा वर्षांचा पुरावा समोर होता. उरलेल्या सहा फ्रीझरांच्या मालकांना तिने त्या वह्यांच्या प्रती पाठवल्या. या वेळी पाच जणांनी उत्तर दिलं आणि पाचही हो म्हणाले.

साहेबांनी अहवाल वाचला, खूश झाले. फक्त एका वाक्यावर पेन टेकवलं. "'तळघराच्या परिचरांनी चौदा वर्षं ठेवलेल्या नोंदींवरून.' हे 'उपलब्ध नोंदींवरून' करा. बरं दिसतं."

"नोंदी उपलब्ध नव्हत्या, साहेब. त्यांनी ठेवल्या."

"अहो, अर्थ तोच."

"मग आहे तेच राहू दे."

तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. ती नुसती खुर्चीत बसून राहिली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पान उलटलं. वाक्य राहिलं.

वर्ष संपताना साहेबांनी फेलोशिप आणखी एक वर्ष वाढवून देऊ केली. रसायनशास्त्राच्या इमारतीत तसेच तेवीस होते. हो म्हणण्याआधी ती काकांकडे गेली. त्यांच्या निवृत्तीला चार दिवस झाले होते, घरच्या ओट्यावर ते वर्तमानपत्र उघडून बसले होते. आठवड्यातून दोन दिवस मदतीला याल का, मी साहेबांशी बोलते, असं तिने विचारलं.

काकांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. आतून त्यांची बायको म्हणाली, "नाही म्हणा."

"नाही," काका म्हणाले. "मला आता सोमवारी उशिरापर्यंत झोपायचंय." मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिला बसायला जागा केली. "पण बसा. तिकडच्या परिचराचा स्वभाव सांगतो. आधी त्याला विचारायचं, मग प्राध्यापकांना. तुम्ही उलटं केलंत."