मामाची वजाबाकी

माझ्या मॉडेलमधला तलाव आणि मामाच्या वहीतला तलाव काही केल्या जुळत नव्हते. यंदा बारा सेंटिमीटरचा फरक, मागची वर्षं मॉडेलमध्ये चालवून पाहिली तर गेल्या वर्षी अकरा, त्याआधी दहा. एवढी शिस्तीची चूक मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षं तो या लहानशा तलावावर पाणी मोजतो. रोज सकाळी आठला पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. ऑफिसात म्हणायचे, घड्याळ चुकेल पण मामा चुकणार नाही. मी त्याच ऑफिसात खुर्चीवर बसून पाऊस, ऊन, पाझर आणि कालवा यांचा हिशेब कॉम्प्युटरला घालते आणि पाणी किती दिवस पुरेल ते सांगते. दोन वर्षं मी मामाचे आकडे वापरत होते आणि तलावावर फिरकले होते फक्त दोनदा. शहाणपण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी बैठक होती. वहीप्रमाणे पाणी कमी पडत होतं, म्हणून कालव्याचं शेवटचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची शेवटची पाळी, रद्द होणार होतं. कालव्याच्या टोकाला चाळीस शेतांत भाजीपाला उभा होता. लहान तलावात बारा सेंटिमीटर म्हणजे नेमकं तेवढंच एक आवर्तन.

बुधवारी जुन्या वह्या चाळताना माझं लक्ष शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं. ‘सांडव्यावरून पाणी चालू,’ असं मामानं लिहिलं होतं आणि शेजारी पातळी सांडव्याच्या माथ्यापेक्षा नऊ सेंटिमीटर खाली. तलाव भरल्याशिवाय सांडवा वाहत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मॉडेल बरोबर होतं, म्हणजे वही चुकली होती.

गुरुवारी सकाळी मी मामाबरोबर पायऱ्या उतरले. पट्टीवर चार मीटर सदतीस होतं, मी स्वतः वाचलं. मामानं चार पंचवीस लिहिलं.

“मामा, हे काय लिहिलंस?”

“गाळाचे बारा वजा,” तो म्हणाला. पेनाचं टोपण लावता लावता, सहज.

मग पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. तलावात गाळ साठत होता, पण पातळीवरून पाणी किती ते सांगणारा ऑफिसचा तक्ता तलाव बांधला तेव्हाचा. तक्ता गाळालाही पाणीच समजायचा. बारा वर्षांपूर्वी त्या तक्त्यावर भरवसा ठेवून पाणी सोडलं आणि कालवा अर्ध्यातच कोरडा पडला. लोकांनी मामाच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून तो दरवर्षी दोरीला वजन बांधून गाळ बघायचा आणि वर्षाला एक सेंटिमीटर आपल्या मनानं जास्त वजा करायचा. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आणि गेल्या वर्षी ऑफिसनं नावेतून गाळ मोजून नवा तक्ता केला होता. तो मीच मॉडेलमध्ये घातला होता. एकच गाळ आम्ही मामा-भाचीनं दोनदा वजा केला होता.

मामानं वही पुन्हा उघडून आजचा आकडा पाहिला. “म्हणजे टोकाचं पाणी माझ्यामुळे अडलं,” म्हणाला.

मला त्याची दया आली आणि रागही आला. अठ्ठावीस वर्षांत त्यानं कमावलं ते एवढंच, की मामाचा आकडा खरा. मी म्हणाले, “मी मॉडेलमध्ये गुपचूप बारा मिळवते. पाणीही सुटेल आणि तुझी वहीही राहील.”

“म्हणजे आणखी एकानं आकडा मनानं बदलायचा,” मामा म्हणाला. “एक पुरे झाला.”

शुक्रवारी बैठकीत मी तोंड उघडायच्या आत तो उभा राहिला. पट्टीवर दिसलं ते लिहिलं नाही, मला खरं वाटलं ते लिहिलं, एवढंच सरळ म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी कपाळाला हात लावला. बारा वर्षांच्या नोंदी रद्दीत घालायच्या का, असं त्यांनी विचारलं.

“रद्दीत कशाला? कुठल्या वर्षी कुठल्या तारखेपासून किती वजा केले, ते तोंडपाठ आहे,” मामा म्हणाला आणि त्यानं बाराच्या बारा तारखा सांगितल्या.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. तलाव नुसता काठोकाठ भरून सांडवा जेमतेम वाहिला, असे सहा दिवस वहीत होते. मामाच्या तारखांप्रमाणे वजा केलेलं परत मिळवलं, तर सहाही दिवशी पातळी सांडव्याच्या माथ्याला येऊन टेकली. साहेबांनी पडद्याकडे दोनदा पाहिलं आणि आवर्तन मंजूर केलं. मामाला लेखी ताकीदही दिली. नोकरीतली पहिलीच. त्यानं ती शांतपणे वाचून सही केली. मला मात्र रडू आवरेना.

शनिवारी सकाळी मी परत पायऱ्या उतरले. कालवा सुटला होता. मामानं वाकून पट्टी वाचली. चार चौतीस. वही उघडून पेन टेकवलं आणि तो थांबला. मग वही माझ्यापुढे धरली.

“आज तू लिही,” म्हणाला. “माझा हात अजून वजा करायला जातो.”