रखमाजीची घंटा

दादू भगताच्या देवळात आढ्याला इतक्या घंटा, की जरा वारा सुटला तरी किणकिण खालच्या पासली गावापर्यंत जायची. साप चावून जो वाचला त्यानं एक घंटा बांधायची, असा इथला रिवाज. आज भातखाचरात गायत्रीला साप चावला आणि अख्खी वाडी देवळात लोटली. कुणाला काळजी, कुणाला तमाशा!

पोरीचा पाय टम्म सुजलेला. तिची आई नूतन सगळ्यांच्या पाया पडत होती, "जीप हुबी हाय, नसरापूरला दवाखान्यात नेऊ द्या वो!"

"न्या की खुशाल!" कपाळभर गुलाल फासलेला भगत कडाडला. "अगं, नागोबा माझा मामा, मण्यार माझी मावशी! माझा सबुद गेला, की इष आल्या वाटंनं माघारी. आजवर हितं एक मानूस दगावला न्हाई. वर बघा, घंटा मोजा!"

सगळ्यांच्या माना वर. घरात शब्द चालायचा तो नूतनच्या सासूचा, अंबूबाईचा. आणि अंबूबाईची भगतावर भारी श्रद्धा. तिनंही मान वर केली, पण तिला मोजायचं नव्हतं. ती एकच घंटा हुडकत होती. तिच्या नवऱ्याला, रखमाजीला, साप चावला तेव्हा ह्याच फरशीवर आणून निजवलं होतं.

"दादू, आमच्या म्हाताऱ्याची घंटा कंची रं?"

भगत चपापला. "मावशे, त्येच्यावर इटाळशीची सावली पडली व्हती. त्येची घंटा कशी आसंल?"

"म्हंजी जगला तर तुजा मंतर, आन मेला तर बायकांचा इटाळ? वा रं भगता!"

मागून ठकुबाई उठली. "माझ्या लेकाची, धनाजीची बी घंटा न्हाई." मग आणखी एकजण बोलला, मग आणखी एक. भगताचे मामा-मावशी कुठं पसार झाले कोण जाणे.

"नूतन, उचल पोरीला!" अंबूबाईचा आवाज फाटला. "नवरा दिला हितं. नात न्हाई द्यायची."

दवाखान्यात लस टोचली, पोर वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला घोणस चावली होती, लसीशिवाय इलाज नव्हता. पण बहुतेकांना चावते ती धामण नाहीतर दिवड. त्यांना विषच नसतं. ती माणसं भगताकडं गेली काय, न गेली काय, वाचणारच. घंटा मात्र भगताची!"

गायत्री घरी येते न येते तोच निलाजऱ्या भगताचा निरोप: पोरगी आधी देवळात आणली होती, तेव्हा एक घंटा बांधायला हवी. अंबूबाईनं नसरापूरच्या बाजारातून घंटा आणली, आतला लोलक उपटला आणि ती मुकी घंटा देवळात स्वतःच्या हातानं बांधली. "ही म्हाताऱ्याची. वाजायची न्हाई, पर आता मोजा."

मंडळी, सभेत असो की पारावर, कुणी वाचलेल्यांचा आकडा छाती ठोकून सांगायला लागला, तर उभं राहून मेलेल्यांचा विचारा. लोक हसतील, हसू द्यात. गेलेली माणसं काही स्वतः उठून सांगायला येत नाहीत. ते आपणच विचारायचं असतं.