बोटीवरून आणलेला शब्द

दयाराम खलाशी बोटीवरून परत आला तो एक चिनी शब्द घेऊन. माणसं परमुलखातून रेशीम आणतात, चहाचे डबे आणतात. ह्या शहाण्याने आणला 'शेमी'. ऐश आणि उधळपट्टी, दोन्ही त्यात आली. शब्द बाजारातला नव्हे, मोठ्या लोकांच्या लिहिण्यातला. बोटीवरच्या चिनी कारकुनाने हाँगकाँगपासून मुंबईपर्यंत घोटून घेतला, तेव्हा कुठे ह्याच्या जिभेवर बसला.

पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात उधळायला होतं काय? मीठ आणि चिखल. पण हा पारावर बसून कुणाच्या नव्या चपलांना शेमी म्हणे, कुणाच्या दुसऱ्या भाकरीला शेमी म्हणे.

बुधाजीच्या लेकीचं, कोकिळेचं लग्न ठरलं आणि दयाराम आपण होऊन त्याचा कारभारी झाला. मुंबईहून बँड सांगितला, गॅसबत्त्या सांगितल्या, भटजी सांगितला. मग तो धवलारीण आवडाबाईच्या दारात आला. गावातलं प्रत्येक लग्न तिने धवले गाऊन लावलेलं; मांडवाच्या पहिल्या खांबापासून पाठवणीपर्यंत तिच्या गाण्याशिवाय काही हलत नसे.

"काकी, यंदा तुमचा धवला नको. रातभर गानं, वर लुगडं, नारल. ही शेमी हाय."

कोकिळेच्या आईचं लग्नही आवडाबाईनेच लावलं होतं. पण ह्या टिकोजीरावापुढे डोळे पुसेल ती आवडाबाई कसली!

"काय म्हनलास? शिकव बघू."

"'शे' सरल धरायचा, 'मी' वर चढवायचा."

तिने एका दमात म्हणून दाखवला. दयारामचं तोंड एवढंसं झालं.

"आला की रं! यवढ्यासाठी दर्या पालथा घातलास? शबूद तुला गावला, अक्कल तितंच र्‍हायली. बँड तो मान, बत्त्या ती शोभा, आन माजं लुगडं तेवढं शेमी! नीघ."

हळदीच्या दिवशी बुधाजीच्या मांडवात बँड दणाणत होता. आवडाबाई आपल्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. निवडत कसली, नुसती चिवडत होती. एकाएकी बँड थांबला. वाटेवरून कोकिळा येताना दिसली, हातात हळदीची वाटी, अंग कोरडं. मागून बुधाजी आणि दयाराम हातवारे करत धावत होते.

"आजी, धवल्याबिगर मी हलद लावून घ्येत न्हाय," पोर म्हणाली. "माज्या बाला सांगितलंय, नवरा माघारी धाडा."

बुधाजीने मान खाली घातली. "चल, आवडाबाय. लुगडं देतो."

"लुगडं दे तुज्या बँडवाल्याला. मी पोरीसाटी येते."

तिने वाटीत बोट बुडवलं, कोकिळेच्या कपाळाला लावलं आणि भर वाटेवरच पहिला धवला धरला. मग पोरीचा हात धरून वाटी दयारामच्या हातात दिली.

"सांडू नको," ती म्हणाली. "आन तोंड मिटून मागून ये."

दयाराम वाटी सांभाळत मागून निघाला.