वरचा सूर

"वहिनी, गळा आहे की नळ? सकाळपासून सोडून ठेवलाय."

"चिडवू नका हो भाऊजी. अजून एकदाच. वरच्या सुरापासून."

दिराने मान हलवून कीबोर्डवर बोटं ठेवली. वहिनी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होत्या. मध्येच कोमट पाण्याचा घोट, मध्येच घड्याळाकडे नजर.

मुलांच्या इस्पितळात रोज सकाळी लागणारं गाणं एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी गायलं होतं. जन्मभर चारचौघींच्या मागे उभं राहून कोरस गायला; एकटीचं असं हे एकच. आता ते ध्वनिमुद्रण खरखरू लागलं होतं. इस्पितळाने कळवलं होतं, जुन्याच संगीतावर आवाज नव्याने भरायचा आहे. तुम्हाला जमत असेल तर या, नाहीतर दुसरी गायिका बघू.

'जमत असेल तर' एवढंच त्यांच्या डोक्यातून जाईना.

सूर लागला. स्वच्छ, भरलेला.

"बघा! काळी चार! साठी उलटून चार वर्षं झाली, पण पट्टी नाही सोडली मी."

दीर कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

स्टुडिओत काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी मुलगी बसली होती. वहिनींनी हेडफोन चढवला. कानात काळी चारमधलं जुनं संगीत सुरू झालं. पहिल्या दोन ओळी ओढूनताणून पार पडल्या. वरच्या सुराला आवाज फाटला.

"घशात काहीतरी आलं," त्या म्हणाल्या.

पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवाच आली.

"मावशी, टेन्शन घेऊ नका," मुलगी म्हणाली. "तुम्ही खाली गा, मी मशीनवर वर उचलते. कुणाला कळायचं नाही."

"अगं, पण सकाळी लागला होता! भाऊजी, सांगा ना हिला. काळी चारच धरली होती ना?"

भिंतीशी उभा असलेला दीर खाली बघत म्हणाला, "बोट काळी चारवरच होतं, वहिनी. पण कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की सगळेच सूर खाली उतरतात. वाजत होती काळी तीन."

"कधीपासून?"

"चार वर्षं. त्या तापानंतर वरचा सूर लागेना, तेव्हा तुम्ही तीन आठवडे गायलाच नाहीत. भांडीसुद्धा आवाज न करता घासत होतात. मला बघवेना."

"आणि मी सगळ्या गल्लीला पट्टी सांगत फिरले!" त्यांनी हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "निदान आज तरी सांगायचं होतंत."

"तीनदा ओठांवर आलं. धीर झाला नाही."

त्या माइकपासून काचेपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मुलीने घड्याळाकडे बघितलं.

"बाळ," वहिनी अखेर म्हणाल्या, "ते उचलणं वगैरे नको. जुनं संगीत बंद कर. भाऊजी, त्या कोपऱ्यातल्या पियानोवर बसा. त्याला नाही ना कसलं बटण?"

"नाही."

"मग धरा काळी तीन."

"पण मावशी, त्यांना जुन्याच संगीतावर हवंय. हे घेतील की नाही, सांगता येत नाही."

"पाठव तर खरं. नको असेल तर बघतील दुसरी." त्या पुन्हा माइकसमोर उभ्या राहिल्या.

दिराने सूर धरला. त्या गायल्या, झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसून गावं तशा. वरचा सूर आला, क्षणभर थरथरला आणि टिकला.

"छान झालं! फक्त तिथे जरा हललं, मावशी. पुन्हा घेऊ या?"

"नको. तो तसाच आहे माझा."

त्यांनी हेडफोन काढला. त्याच्या सांध्यात केस अडकले होते. त्यांनी ते हळूच सोडवले, हेडफोन स्टँडवर टांगला आणि दिराची वाट न बघता बाहेर पडल्या. एक पांढरा केस तिथेच राहिला, पंख्याच्या वाऱ्याने हलत.