डंपलिंगमधला बिल्ला

शनिवारी दुपारी मर्डिना चर्चमधून घरी आली ती चालत नव्हे, जवळजवळ पळतच. वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरणारे, त्यात बूट चावणारे, पण आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मुठीत शिशाचा चौकोनी बिल्ला घट्ट धरलेला होता. उद्या तो मेजापाशी उभ्या असलेल्या मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांच्या, हातात ठेवला की तिला पुढे, पांढरं कापड अंथरलेल्या प्रभूच्या मेजाशी बसायला मिळणार होतं. भाकर आणि द्राक्षरस! जन्मात पहिल्यांदा!

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर चर्चला सगळेच जातात, पण मेजाशी बसणारे थोडे. देवाने कुणाला तारायचं ते जग निर्माण होण्याआधीच ठरवून ठेवलंय, आणि त्या यादीत आपलं नाव आहे की नाही हे आपण कसं सांगणार? म्हणून लोक खुणेची वाट बघतात. कुणाला बटाटे काढताना शास्त्रातलं वचन वीज चमकावी तसं मनात येतं, कुणाला मासेमारीच्या होडीत. बाकीचे मागच्या बाकांवर बसून म्हातारे होतात. मर्डिनाला खूणबिण काही आली नव्हती. गुरुवारी ती सरळ उठली, मंडळीच्या वडिलांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला यायचंय." त्यांनी तासभर उलटसुलट प्रश्न विचारले, एकमेकांकडे पाहिलं आणि आज बिल्ला दिला. झालं काय, हे तिला अजून नीट कळलं नव्हतं. पण इतका आनंद होत होता की रस्त्यात दिसलेल्या मेंढीलासुद्धा सांगावंसं वाटत होतं.

स्वयंपाकघरात तिची थोरली बहीण ओयरिक बटाट्यांचा डोंगर सोलत बसली होती. प्रभुभोजनाच्या या पाच दिवसांत गावातलं प्रत्येक घर पाहुण्यांनी भरतं, आणि यांच्याकडे बाहेरगावचे नऊ जण उतरले होते.

"मिळाला?" मान वर न करता ओयरिकने विचारलं.

"मिळाला!"

"बघू." तिने ओल्या बोटांनी बिल्ला उलटासुलटा केला. "एवढासाच? माझ्या कोटाचं बटण मोठं आहे."

"ओयरिक, हसू नकोस गं."

"हसू नको तर काय करू? लोक चाळीस चाळीस वर्षं बोलावण्याची वाट बघतात. तू आपली उठलीस आणि गेलीस, दुकानात साखर आणायला गेल्यासारखी! 'मला यायचंय' म्हणे. आणि देवाला तू यायला हवी आहेस का, ते विचारलंस?"

"विचारलं असतं तर काय तो बोलला असता?"

"बोलतो. ज्यांना बोलायचं त्यांच्याशी बोलतो." ओयरिकने बिल्ला परत दिला आणि पुन्हा सुरी उचलली. मग हळूच म्हणाली, "जा. बस पुढे. मी मागून तुझी हॅट बघत बसेन."

मर्डिनाचा सगळा आनंद त्या एका वाक्याने खाली बसला. दोघी साठ वर्षं एका खोलीत झोपत आल्या होत्या. एकीने माग चालवायचा, दुसरीने कांड्या भरून द्यायच्या. उद्या मधे बाकांच्या चार ओळी येणार, आणि त्या ओळींचा अर्थ अख्ख्या बेटाला ठाऊक होता. मेल्यावर तिथेही ही मागेच राहणार?

तिच्यापुढे परातीत डंपलिंगचं पीठ होतं, मनुका, चरबी आणि दालचिनी घातलेलं. त्याचा एकच मोठा गोळा कापडात बांधून चार तास उकडायचा, आणि रविवारी, देवाच्या दिवशी, चूल पेटत नाही म्हणून दोन दिवसांचं आजच करायचं. वाढदिवसाच्या डंपलिंगमध्ये त्या दोघी कागदात गुंडाळून नाणं घालत. ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान.

मर्डिनाने मागे वळून पाहिलं. ओयरिक बटाट्यांवर खेकसत होती. तिने बिल्ला तेलकट कागदात गुंडाळला आणि गोळ्याच्या कडेला खोल दाबला. कापडावर नेमक्या त्या जागी लाल धागा बांधला. ओयरिकला खूणच हवी ना? मग घे! खूण मिळाली की ती धावतच मंडळीच्या वडिलांकडे जाणार, याबद्दल मर्डिनाला शंका नव्हती. आपल्याला दुसरा बिल्ला मागू. नाही दिला तर मागे बसू, पण एका बाकावर बसू. देवाचं काम आपण हातात घेतोय हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती घाबरण्याऐवजी गालातल्या गालात हसत होती. वेडीच झाली होती म्हणा ना.

साडेसहाला सगळे जेवायला बसले. खारवलेले हेरिंग आणि बटाटे संपले, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात डंपलिंग वाफाळत टेबलावर आलं. मर्डिनाने कापड सोडताना धागा पाहून ठेवला होता. पहिला तुकडा तिने बरोब्बर तिथूनच कापला आणि ओयरिकपुढे ठेवला.

"एवढा? मला?" ओयरिकने ताट शेजारच्या फिनलीपुढे सरकवलं. "घ्या, तुम्ही घ्या. तुम्ही लांबून आलात."

फिनली म्हणजे त्यांच्या वारलेल्या चुलतबहिणीचा नवरा. सत्तरीचा, बस चालवून निवृत्त झालेला, फार न बोलणारा माणूस.

"अगं तो तुझा आहे!" मर्डिना ओरडलीच.

"का? माझं नाव लिहिलंय त्यावर?"

सगळे हसले. फिनलीने चमचा लावला. मर्डिना उभीच. ताट ओढून घ्यावं? कुठल्या तोंडाने? एक घास गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला खट्‌ आवाज आला. फिनलीने तोंडातून कागद काढला, उलगडला आणि तळहातावरच्या बिल्ल्याकडे बघत राहिला. तो काय आहे हे टेबलाभोवतीच्या लहानमोठ्या सगळ्यांना माहीत होतं.

"एकोणतीस साली आमची मासेमारीची बोट बुडाली," फिनली म्हणाला, "आणि मी एकटा वाचलो. तेव्हापासून मी देवाला एकच मागतोय. का वाचवलंस ते सांग. एकदा तरी सांग." आणि तो म्हातारा टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागला.

एकच गलका उडाला. कुणी "कृपा! कृपा!" म्हणतंय, कुणी उठून त्याची पाठ चोळतंय, कुणी स्तोत्र म्हणायला लागलंय. मर्डिना गप्प राहिली तर हा माणूस उद्या तिच्या लबाडीवर विसंबून देवापुढे बसणार होता.

"मी ठेवला तो," ती म्हणाली. "माझा आहे. ओयरिकसाठी ठेवला होता."

स्तोत्र अर्ध्यावर थांबलं. फिनलीने डोकं वर केलं, नाक पुसलं.

"तू ठेवलास?"

"हो. मला माफ करा, फिनली."

त्याने समोरच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि ताट कुणी सरकवलं?"

सगळ्यांच्या माना ओयरिककडे वळल्या.

"मला भूक नव्हती!" ओयरिक ओरडली. "हेरिंगने पोट भरलं होतं! त्यात देवाला कशाला ओढता?"

मग जी जुंपली! निम्मे म्हणाले, मर्डिनाच्या हातातही देवाचाच हात होता. निम्मे म्हणाले, हा सगळा बायकी घोळ आहे. फिनलीने बिल्ला स्वच्छ पुसला आणि मर्डिनापुढे ठेवला. "हा तुझा तू घे. पण मला जे रडू आलं ना, ते काही तू पिठात घातलेलं नव्हतंस. सकाळी मंडळीचे वडील बसतील तेव्हा मी जाऊन मागेन." असं म्हणून तो उरलेलं डंपलिंग खाऊ लागला.

ओयरिक मात्र वादात नव्हती. ती बिल्ल्याकडे बघत होती.

"हा मला दिलास, तर तू कुठे बसणार होतीस?"

"मागे. तुझ्याजवळ."

"जन्मभर मेजासाठी झुरलीस, आणि मागे?"

"तुला सोडून मला नाही गं जमणार."

ओयरिकचा चेहरा कसातरीच झाला. तिने ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला, खुंटीवरचा स्कार्फ काढून डोक्याला बांधला, पण गाठ काही लवकर बसेना. मर्डिना धावत पुढे झाली.

"तू थांब इथेच," ओयरिक म्हणाली. "बरोबर आलीस तर म्हणतील, बहिणीने ओढून आणली. आणि या डंपलिंगचं तिकडे अवाक्षर काढणार नाही मी. मला कसलीही खूण मिळालेली नाही. ऐकलंत सगळ्यांनी?"

दार आपटलं. मर्डिना खिडकीशी धावली, तिच्यामागे नऊही पाहुणे. मंडळीचे वडील टॉर्किल यांचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. ओयरिक घरातल्या सपाताच घालून निघाली होती. टॉर्किलच्या फाटकापाशी ती थांबली. एकदा मागे फिरली, दहा पावलं चालली, पुन्हा थांबली. "जा ना गं," मर्डिना काचेला कपाळ लावून पुटपुटत होती, "जा ना, जा."

ओयरिक वळली, आणि तिने फाटक उघडलं.